माड, पोफळ, केळ आणि हवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची वाडी दापोली तालुक्यात, गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. मी राहतो पुण्यात. त्यामुळे दोन्हीकडचे प्रश्न माझ्यापर्यंत येतात. गावचे शेजारी विचारतात, यंदा कोवळी फळं का गळतायत. पुण्यातले विचारतात, सोसायटीतल्या पामची टोकं का करपली. खालचे प्रश्न बहुतेक त्यांचेच आहेत, उत्तरं माझ्या वाडीतून आणि कुंड्यांतून आलेली. काही ठिकाणी मी हट्टाने मत दिलंय, ते पटलं तर घ्या.

घाटावर माड होतो का?

होतो. पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात धरते माड काही कमी नाहीत, आणि कोल्हापूर-सांगलीकडे विहिरीच्या काठाला माड दिसला नाही तरच नवल. ‘माडाला समुद्र लागतो’ हे अर्धंच खरं. त्याला लागतं ऊन, पाणी आणि ऊब. वर्षाचं सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास, दिवसा-रात्रीत पाच-सात अंशांचाच फरक, १३०० ते २३०० मिलिमीटर पाऊस आणि तोही वर्षभर विभागून, हवेत ओलावा : हे त्याचं मनाजोगतं हवामान. किनाऱ्यावर यातलं बरंचसं आयतं मिळतं. घाटावर जानेवारीत दुपारी तीस अंश आणि पहाटे दहा-अकरा, असा झोका असतो. झाड मरत नाही, पण वाढ रेंगाळते.

समुद्राशिवाय माड कसा होतो ते बघायचं तर कर्नाटकातलं तिपटूर बघावं. उंची आठशे मीटरच्या वर, पाऊस बेताचा, आणि गोटा खोबऱ्याची देशात नावाजलेली बाजारपेठ तिथेच. त्या कोरड्या हवेचा त्यांनी फायदाच करून घेतलाय, नारळ आतल्या आत सुकून गोटा सुटतो. मात्र तिथली थंडी निफाडसारखी नसते. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. तिथे हौसेखातर परसात एक माड लावा, बाग मात्र उभी करू नका. चंद्रपूर-अकोल्याकडे प्रश्न उलटा आहे. तिथे मे महिन्यातल्या झळा माडाला जास्त छळतात.

घाटावर लावायचाच असेल तर बाणवली ही उंच जात लावा. शहाळ्यांसाठी बुटक्या जाती सगळ्यांना हव्या असतात, कारण त्या तीन-चार वर्षांत धरतात. पण बुटक्या जाती पाण्याच्या ताणाला नाजूक. पाणी हुकलं की पहिल्या त्याच कोमेजतात.

थंडीने या झाडांचं नेमकं काय बिघडतं?

दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक म्हणजे पाणी गोठवणारी थंडी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवाचे हिमकण होतात, त्या दिवशी वर्तमानपत्रात हमखास फोटो येतो. अशा थंडीत पानातलं पाणी गोठतं आणि पेशी फाटतात. आपल्याकडे हे फार थोड्या जागी, थोड्या रात्री घडतं.

दुसरी थंडी गोठवत नाही, नुसती गारठवते. उष्ण प्रदेशातली झाडं दहा-बारा अंशांखालीही आजारतात. मुळांची पाणी ओढायची ताकद कमी होते, नवं पान उलगडत नाही, आणि जे असतं ते पिवळट-तांबूस होतं. गंमत अशी की माती ओली असूनही झाड तहानलेलं दिसतं. मग माणूस आणखी पाणी घालतो आणि गार मातीत मुळं कुजतात. डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे येणाऱ्या ‘पाम पिवळा पडला’ या तक्रारींपैकी निम्म्या तरी या जादा पाण्याच्या असतात.

पामच्या बाबतीत जीव एकाच ठिकाणी असतो, मधल्या कोंबात. आंब्याची फांदी गेली तर बाजूने धुमारा फुटतो. माडाला, पोफळीला (सुपारीच्या झाडाला) ती सोय नाही. त्यामुळे थंडी पडल्यावर पानं बघू नका, मधलं न उलगडलेलं सुईसारखं पान बघा. ते ताठ आणि हिरवं असेल तर बाकी सगळी पानं करपली तरी काळजी नको.

आणि हो, एकाच आवारात थंडी सगळीकडे सारखी नसते. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागेत साचते. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं झाड रात्री त्या भिंतीची ऊब खातं. नवीन जागेत रोप लावण्याआधी पहाटे एकदा आवारात फेरी मारा, गवतावर दव सगळ्यात दाट कुठे आहे ते दिसेल. ती जागा केळीची नव्हे.

यंदा पाऊसपाणी चांगलं झालं, खतही घातलं, तरी नारळ कमी. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. उत्तर असं की तुम्ही चुकीचं वर्ष तपासताय.

माडाला साधारण महिन्याला एक पान येतं आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक पोय, म्हणजे फुलोरा. पण ती पोय बाहेर दिसते त्याच्या सुमारे ३२ महिने आधीच कोंबाच्या आत तिचा अंकुर धरलेला असतो. फुटण्याच्या वर्षभर आधी नर-मादी फुलं ठरतात. पोय उघडली की नारळ तयार व्हायला पुढे आणखी ११-१२ महिने. म्हणजे तुमच्या हातातला नारळ साडेतीन वर्षांहून जास्त काळ हवा खात आलेला असतो.

उदाहरण घ्या. २०२४ च्या मे महिन्यात उतरवलेला नारळ. त्याची पोय साधारण मे २०२३ मध्ये उघडली. तिचा अंकुर धरला तो २०२० च्या सप्टेंबरच्या सुमारास. आमच्या भागात त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं होतं. जे माड उभे राहिले त्यांच्याही निम्म्या झावळ्या तुटल्या होत्या. अन्न बनवणारी पानंच गेली, तर झाड आधी स्वतःला सावरणार, पोय मागे ठेवणार. उभे राहिलेले माड पुढची काही वर्षं का कमी लागले, याचं कोडं ज्यांना पडलं त्यांनी हा हिशेब मांडून बघावा.

दुष्काळाचंही तसंच. ज्या उन्हाळ्यात विहीर आटली त्या उन्हाळ्यात फक्त कोवळी फळं गळतात. खरा फटका पुढच्या वर्षी मादी फुलं कमी येऊन बसतो, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी पोय आतच जिरून बसतो. त्यात मधे एखादा उत्तम पावसाळा येऊन गेला की माणूस चक्रावतो, ‘एवढा पाऊस झाला तरी?’ म्हणतो. तो पाऊस फुकट गेलेला नसतो, त्याचा पाडा (नारळ उतरवायची खेप) अजून यायचा असतो.

म्हणून वाडीत एक वही ठेवा. प्रत्येक पाड्याला किती नारळ उतरले, विहिरीला कधी पाणी कमी पडलं, वादळ कधी झालं, एवढंच लिहायचं. तीन-चार वर्षांनी ती वही कोणत्याही सल्लागारापेक्षा जास्त सांगते. आमच्याकडे काका ही नोंद मागच्या दाराच्या फळीवर खडूने करायचा. घर रंगवलं त्या वर्षी ती पुसली गेली, आणि नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याच्या आठवणीवर भागवावं लागलं. त्याची आठवण पक्की होती, पण ती त्याच्या सोयीची होती.

खोडही अशीच वही आहे. माडाचं खोड आंब्यासारखं वर्षागणिक जाड होत नाही. कोंबाने जेवढं जाड बनवलं तेवढंच ते कायम राहतं. वाईट काळ आला की तेवढा भाग बारीक होतो, सुगी आली की पुन्हा जाड. एखाद्या उंच माडाला मध्येच कंबर असल्यासारखी दिसते, तिथे त्याचे हाल झालेले असतात.

कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. माडाला पाणी घालायची गरजच काय?

पाऊस पडतो चार महिने, माड जगतो बारा महिने. आमची जमीन वाळूची नाहीतर जांभ्याची. त्यातून पाणी चाळणीतून जावं तसं जातं. दसऱ्यानंतर वरचा थर कोरडा पडायला लागतो आणि पुढचे आठ महिने विहिरीवरच.

ठिबक असेल तर उन्हाळ्यात मोठ्या माडाला दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी पुरतं. आळ्यात देत असाल तर चार दिवसांनी सुमारे २०० लिटर. आळं खोडाला चिकटून लहानसं करण्यात अर्थ नाही, मुळं बाहेर दीड-दोन मीटरपर्यंत पसरलेली असतात. जुनी माणसं सोडणं (नारळाची वरची काथ्याची सालं) पुरायची, ती पद्धत मला आजही सगळ्यात भरवशाची वाटते. माडाच्या भोवती चर काढून त्यात सोडणं खोलगट बाजू वर करून रचायची आणि वर माती लोटायची. सोडण आपल्या वजनाच्या तीन-चार पट पाणी धरून ठेवतं आणि पाच-सहा वर्षं कामाला येतं. हल्ली सोडणं काथ्याच्या कारखान्याला जातात, नाहीतर बंबात. विकून मिळतात त्यापेक्षा जास्त पैसे ती जमिनीत मिळवून देतात, असं माझं ठाम मत आहे.

आळ्यात मीठ घालावं का?

किनाऱ्यावर नको. खाऱ्या वाऱ्याबरोबर माडाला लागणारं क्लोरीन आपोआप मिळतं. आत, घाटावर, क्लोरीनची उणीव पडू शकते, पण म्युरेट ऑफ पोटॅश देत असाल तर ते त्यातूनच भागतं. पोटॅशचा आणखी एक गुण म्हणजे पानावरची रंध्रं वेळेवर मिटायला मदत होते, म्हणून ताणाच्या काळात झाड टिकतं. किलो-किलो मीठ घालून चिकण माती कडक करून ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत.

पोफळीच्या खोडाला एकाच बाजूने भेगा पडतात. रोग आहे का?

बहुतेक वेळा तो उन्हाचा चटका असतो. ऑक्टोबरपासून सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि दुपारची तिरकी किरणं नैर्ऋत्येकडून थेट खोडावर पडतात. पोफळीचं खोड हिरवं, कोवळं. आधी सोनेरी-तपकिरी डाग पडतो, मग तिथे भेग, आणि भेगेतून बुरशी. काही वर्षांनी त्याच ठिकाणी जोराच्या वाऱ्यात पोफळ मोडते. तेव्हा दोष सगळा वाऱ्याला दिला जातो.

पोफळ मुळात सावलीतली. म्हणून तर माडाच्या खाली तिची जागा. नवीन लागवडीत ओळी नेमक्या उत्तर-दक्षिण न ठेवता ३५ अंश पश्चिमेकडे वळवतात, म्हणजे एका झाडाची सावली दुसऱ्याच्या खोडावर पडते. लावून झालेल्या बागेत नैर्ऋत्येच्या कडेला केळी किंवा उंच वाढणारं काहीतरी लावा. ज्या पोफळी उघड्या पडल्यात त्यांच्या खोडाला विऱ्या (झावळीचे खोडाला वेढणारे रुंद देठ) बांधा. झाडाचीच गळलेली विरी, काथ्याने दोन ठिकाणी आवळायची, संपलं. पैसा लागत नाही, फक्त डिसेंबरच्या आधी उठून करायचा कंटाळा सोडावा लागतो.

पावसाळ्यात सुपारी गळते आणि कोंब कुजतो. पाऊस जास्त झाला म्हणून?

पाऊस जास्त होण्यापेक्षा उघडीप न मिळणं हे कारण मोठं. एका दिवसात दोनशे मिलिमीटर कोसळून दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तर झाड निभावून नेतं. आठ दिवस झिमझिम, आभाळ भरलेलं, वारा नाही, हवा गार : हे हवामान फायटोफ्थोरा या बुरशीला हवं असतं. सुपारीवर देठाजवळ पाणी मुरल्यासारखे डाग पडतात आणि हिरवी फळं सड्यासारखी खाली पडतात. याला आपण कोळे रोग म्हणतो. ‘कोळे’ मूळचा कन्नड शब्द, कुजणं या अर्थाचा.

उपाय पावसाच्या आधी करायचा असतो, गळ सुरू झाल्यावर नाही. एक टक्का बोर्डो मिश्रण : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद एका पिंपात, चुना दुसऱ्या पिंपात विरघळवून मग एकत्र करायचं, आणि धातूचं भांडं वापरायचं नाही. झालं की कोयत्याचं स्वच्छ पातं त्यात मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पातं जसंच्या तसं निघालं की फवारा. पहिली फवारणी मेच्या शेवटी, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून. गेल्या काही वर्षांत ही दुसरी उघडीपच सापडत नाही, हे खरं दुखणं आहे.

माडाचा कोंब कुजायला लागला की मधलं पान फिकट होतं आणि हलकेच ओढलं तर हातात येतं, घाण वास येतो. इतक्यात लक्षात आलं तर कुजका भाग खरवडून काढून बोर्डो पेस्ट लावावी आणि पाणी आत जाणार नाही असं झाकावं. उशिरा लक्षात आलं तर माड गेला. शेजारच्या माडांना मात्र लगेच जपा.

निसर्ग वादळात काही माड उभे राहिले, काही पडले. फरक कशाचा?

३ जून २०२० ला वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली : सगळ्या पट्ट्यात वाड्या आडव्या झाल्या. त्या दुपारी मी पुण्यात होतो. चार दिवसांनी गावचा फोन लागला तेव्हा पलीकडून पहिलं वाक्य आलं, “घरातनं समुद्र दिसतो.” आमच्या घरातून समुद्र कधीच दिसत नव्हता.

मग जाऊन पाहिलं ते असं. पोफळी बहुतेक मधोमध मोडलेल्या, एखादी काडी मोडावी तशा. माड मोडण्यापेक्षा मुळासकट जास्त पडले, आणि तेही जिथे पाण्याची पातळी वर आहे तिथे. ओल्या वाळूत मुळांना खोल जायची गरज पडत नाही, ती वरच्या वर पसरतात. रोज पाटाचं भरपूर पाणी पिणारे लाडके माड आधी पडले. वरकस जमिनीतले, दुर्लक्षित, खंगलेले माड उभे. याचा अर्थ पाणी देऊ नका असा नाही, पण दररोज वरवर शिंपण्यापेक्षा आड दिवसाने खोल मुरेल असं द्या.

मोठ्या माडाला हजारो बारीक मुळं असतात, सोटमूळ नसतं. खोड तंतूंचं, त्यामुळे ते वाकून वारा सोसतं. झावळी वाऱ्यात मिटते. झाड वादळासाठीच घडवल्यासारखं आहे. पोफळीलाही वाकता येतं, पण ती एकमेकींच्या आधाराने उभी असते. कडेची ओळ गेली की आतल्यांना असा वारा कधी माहीतच नसतो.

वादळ येणार असं कळलं तर तयार नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घ्या. हिरव्या झावळ्या छाटू नका. शहरातल्या सोसायट्या पावसाळ्याआधी पामची शेंडी वर झाडूसारखी ठेवून बाकी सगळी पानं कापतात, तो शुद्ध वेडेपणा आहे. पानं कोंबाला चारही बाजूंनी आधार देतात.

वादळानंतर घाई करू नका. कललेला लहान माड दोर लावून सरळ करता येतो, मुळांवर माती चढवा. मोठा पडलेला माड उभा करण्यात पैसे घालू नका. पानं सगळी मोडली पण मधली सुई शाबूत आहे, अशा माडाला निदान सहा-आठ महिने द्या. आम्ही तोडायला काढलेले तीन माड पाडेली आजारी पडला म्हणून राहिले, आज तिन्ही लागतायत.

एक काम मात्र तातडीचं, पडलेली खोडं हलवणं. कुजणाऱ्या खोडांत गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि वादळातून वाचलेल्या माडांचे कोंब तोच पुढे पोखरतो. खोडं चिरून वाशांना वापरा, जाळा किंवा लांब न्या. शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळली तर अळ्यांचा बंदोबस्त होतो.

आणि झाडोरा गेला की सावली जाते, हे विसरू नका. वाचलेल्या पोफळी आणि जायफळं पुढच्या ऑक्टोबरच्या उन्हात होरपळली. त्या वर्षी झटपट वाढणारी केळी लावून ज्यांनी आडोसा केला त्यांचं बरंच वाचलं.

वीज पडली की फक्त एकच माड मरतो ना?

नाही. ज्याच्यावर पडते त्याच्या झावळ्या दोन-चार दिवसांत लोंबतात, पण आजूबाजूचे पाच-सात माडही पुढच्या काही आठवड्यांत एकेक करून वाळू शकतात. तेव्हा रोग आला म्हणून औषध मारत बसू नका. मेमधल्या आणि ऑक्टोबरमधल्या दुपारी ढग दाटले की वाडीतून घरात या, माडाखाली थांबू नका.

जळगावला ४५ अंशांत केळी होते, मग आमच्याकडे का नाही?

जळगावची केळी हवेमुळे होते असं म्हणण्यापेक्षा हवेशी भांडून होते असं म्हणावं. खोल काळी माती, ठिबक आणि शेतकऱ्याची जागरूकता यावर ती उभी आहे. मे महिन्यात उष्ण वाऱ्याने पानं फाटतात, करपतात, घड सटकतात. म्हणून बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवताचं कुंपण असतं, पश्चिमेला आणि दक्षिणेला जास्त दाट. हिवाळ्यात पारा दहाच्या खाली गेला की केळीचं नवं पान निघायचं थांबतं. निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या वेळी अशी थंडी सापडली तर घड खोडाच्या गळ्यात अडकतो, वाकडातिकडा बाहेर येतो. त्या रात्री शेतकरी बागेत धूर करतात आणि विहिरीचं पाणी सोडतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं.

मृगबाग आणि कांदेबाग या दोन हंगामांमागेही हेच गणित आहे. जूनची लागण की ऑक्टोबरची, यावर ठरतं की निसवण थंडीत सापडेल की उन्हात. तुमच्या गावात केळी होत नसेल तर जात बदलण्याआधी लागणीचा महिना बदलून बघा.

घरातल्या अरेका पामची टोकं तपकिरी का होतात?

आधी एक खुलासा : नर्सरीतला अरेका पाम म्हणजे पोफळ नव्हे. तो मादागास्करचा, पिवळसर देठांचा, झुडपासारखा वाढणारा पाम. मादागास्करच्या दमट हवेतला जीव एसीच्या खोलीत ठेवला की टोकं वाळणारच. एसी हवेतला ओलावा काढून घेतो. दुसरं कारण पाणी. बोअरच्या पाण्यातले क्षार कुंडीत साचत जातात आणि त्यांची झळ सगळ्यात आधी टोकांना लागते. महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून भळभळ वाहेपर्यंत पाणी घाला, शक्य असेल तर पावसाचं.

उंच मजल्यांवर आणखी एक भानगड असते. पंधराव्या मजल्याच्या गॅलरीत मार्च-एप्रिलमध्ये जो वारा वाहतो, तो जमिनीवरच्या झाडाला ठाऊक नसतो. हेलिकोनिया, अँथुरियम, केळ असली रुंद पानांची झाडं तिथे चिंध्या होऊन राहतात. त्यापेक्षा बारीक पानांचे पाम बरे.

आणि रोप आणल्या आणल्या उन्हात ठेवू नका. शहरात मिळणारे बरेच पाम आंध्रातल्या कडियमकडून येतात, शेडनेटच्या सावलीत वाढलेले. मी एकदा एका नर्सरीतून एप्रिलमध्ये फॉक्सटेल पाम आणला. ‘फुल सनचा आहे, बिनधास्त लावा’ असं सांगितलं होतं. तसा तो असतोही, पण त्या रोपाने तोवर ऊन बघितलेलं नव्हतं. आठवड्यात पानं कागदासारखी पांढरी झाली. आधी पंधरा दिवस सावली, मग सकाळचं ऊन, मग उघड्यावर, असा क्रम ठेवा.

आम्ही परदेशात असतो. तिथल्या ‘झोन’च्या तक्त्यावरून माड, कढीपत्ता लावता येईल का?

अमेरिकेतले झोन वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या सरासरीवर ठरतात, बाकी काही सांगत नाहीत. त्या हिशेबाने पुणे आणि मियामी शेजारी येतील, पण पुण्याचा एप्रिल मियामीच्या झाडाला झेपेलच असं नाही. आणि उलटही. तक्ता बघा, पण त्याबरोबर थंडी किती दिवस सलग टिकते, तेही बघा. एका रात्रीचे दोन अंश माड सोसून जाईल, तीन आठवड्यांचे आठ अंश नाही.

न्यू जर्सी किंवा लंडनमध्ये माडाचा नाद सोडा. पाम हवाच असेल तर चीनमधला काटक पवनचक्की पाम उणे दहा अंशांपर्यंतही तग धरतो, स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात तर तो रानोमाळ पसरलाय. कढीपत्ता कुंडीत ठेवा, बाहेर बारा-तेरा अंश झाले की आत घ्या. तो पानं टाकेल, घाबरून पाणी वाढवू नका. वसंतात फुटतो.

लागवड नेमकी कधी करायची?

कोकणात जूनचा पहिला जोर ओसरल्यावर, पण जिथे पाणी साचतं तिथे पाऊस संपताना, सप्टेंबरमध्ये. घाटावर जुलै. थंडीच्या तोंडावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, रोप स्वस्त मिळतंय म्हणून लावू नका, मुळं धरायच्या आतच जमीन गार होते. माडाला साडेसात मीटर अंतर ठेवा. पाच मीटरवर दाटीने लावलेले माड उन्हासाठी वाकडे होतात आणि वाकडा माड वादळात आधी जातो.

हवामान बदलतंय म्हणतात. मग वाडीत पुढे काय लावायचं?

बदलतंय हे वाडीत दिसतंच. पुण्याच्या आयआयटीएम या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी दाखवलं की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांपेक्षा सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली. २०१९ च्या ऑक्टोबरच्या शेवटी क्यार, पाठोपाठ महा. २०२० ला निसर्ग. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. सुपारी अंगणात सुकायला ३५-४० दिवस कडक ऊन लागतं, ते सलग मिळणं आता नशिबावर.

मी माड सोडायला सांगणार नाही. पण फक्त पोफळीवर विसंबलेली वाडी मला आता धोक्याची वाटते. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने ‘लाखी बाग’ नावाने जी पद्धत पुढे आणली, माडाच्या मधे जायफळ, दालचिनी, मिरी, अननस, तिच्यात उत्पन्न वेगवेगळ्या वेळी येतं आणि एका वादळात सगळं जात नाही. वाऱ्याच्या तोंडाला, समुद्राच्या बाजूने, सुरू आणि उंडीच्या झाडांची दाट रांग हवी. आमच्याकडे ती होती. घरातून समुद्र दिसावा म्हणून पाहुण्यांसाठी खोल्या बांधताना शेजारच्यांनी ती तोडली.

आम्ही २०२० च्या ऑगस्टमध्ये चाळीस बाणवली लावले. त्यातले सहा गेले, दोन भुंग्याने, चार त्या ऑक्टोबरच्या उन्हाने. उरलेल्यांच्या कडेला उंडीची रोपं आता छातीएवढी झालीत. समुद्र अजून दिसतो.